मावेजा ठरतो मोजणीच्या दिवशी

आमच्या शिवारातून कालवा जाणार हे पक्कं झालं, तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: मावेजाचा, म्हणजे जमिनीच्या भरपाईचा, दर काय बसणार? दूध डेअरीच्या रांगेत तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. समृद्धी महामार्गाला रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या, पाचपट मिळाले, मग आपल्याला का नाही, असा हिशोब लोक बोटांवर मांडत होते. त्या सगळ्या प्रक्रियेतून आमचं घर गेलं. आता माझं मत पक्कं झालंय. दर हा भूसंपादनातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे, कारण त्याचं सूत्र कायद्यातच दिलंय. तो दर नेमका कशाकशाला लागणार, हे खरं अवघड आहे. तुमच्या रानात जे जे आहे, त्यातलं सरकारच्या कागदावर किती चढलं यावर सगळं ठरतं. कागदावर न चढलेलं काही गेलं, तर ते गेलं असं कायदा धरतच नाही.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण, पुढच्या टप्प्यातल्या गावांतून मला फोन येतात. प्रत्येकाला मी तेच सांगते, तुटक तुटक. ते एकदा सलग लिहावं असं वाटलं.

आमचं गाव मराठवाड्यातलं. वडलांमागे सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी. मी तालुक्याच्या गावी राहते, त्यामुळे कागदांचं काम माझ्याकडे आलं. गटाच्या वरच्या अंगाला विहीर, खालच्या अंगाला मोसंबीची बाग आणि कापसाचं रान. कालव्याची आखणी आली ती बरोबर या दोघांच्या मधून, तिरकी.

कालव्याला आमचा विरोध नव्हता, हे आधीच सांगते. खालच्या अंगाच्या गावांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी येतं. तिथल्या लेकी आमच्या घरात सुना म्हणून आल्यात. त्यांच्या रानात पाणी जावं असं आम्हालाही मनापासून वाटत होतं. सार्वजनिक प्रयोजन म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्याच्या रानातून सगळ्यांचं पाणी जाणार, त्याच्या पदरात काय राहणार, एवढंच आम्ही विचारत होतो.

घरात या बाबतीत एक जुनी जखम होती. आजोबांचा एक तुकडा बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावात गेला. दुष्काळी कामं निघाली होती, हाताला काम हवं होतं, आजोबांनी हो म्हटलं. मावेजा आला तो फार वर्षांनी, आणि तोही अगदी जुजबी. तेव्हा १८९४ चा, इंग्रजांनी केलेला भूसंपादन कायदा होता. सक्तीनं जमीन घेतली म्हणून वर जी दिलासा रक्कम मिळायची ती तेव्हा १५ टक्के, पुढे १९८४ च्या दुरुस्तीनं ३० टक्के झाली. याच कायद्यानं टाटांच्या धरणासाठी मावळातल्या जमिनी घेतल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह उभा केला. म्हणजे 'सरकारला हवी म्हणून जमीन द्या' या म्हणण्याशी महाराष्ट्राचं भांडण शंभर वर्षांचं आहे. वडील अखेरपर्यंत म्हणायचे, बाबांनी काही वाचून पाहिलं नाही, त्यांना कुणी वाचूनही दाखवलं नाही.

म्हणून या वेळी मी आधी कायदा आणला. २०१३ चा नवा कायदा, १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला. त्याच्या नावातच 'उचित भरपाई' आणि 'पारदर्शकता' हे शब्द आहेत. मराठी भाषांतर जड आहे, पण चिकाटीनं वाचलं की कळतं.

दराचं सूत्र थोडक्यात सांगते. बाजारमूल्य धरताना रेडी रेकनरचा दर आणि आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी, या दोन्ही पाहून जास्त असेल ती घ्यायची. ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणांक. आम्हाला २ लागला. त्यात झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवायची आणि आलेल्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम, म्हणजे १०० टक्के, आणखी द्यायची. समजा हेक्टरी दर १० लाख निघाला, तर गुणांकानं २० लाख. झाडांचे ४ लाख धरले तर २४, आणि दिलासा धरून ४८ लाख. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के वेगळे. आजोबांच्या वेळच्या मानानं हा कायदा कितीतरी बरा आहे. ते मान्य केलंच पाहिजे.

पण या गुणाकाराच्या मुळाशी खरेदीखतं आहेत, आणि आपल्याकडे खरेदीखतं कशी होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. खतावर रेडी रेकनरपुरता आकडा, उरलेलं हातोहात. एका घरानं मुद्रांक वाचवला की त्याचा फटका दहा वर्षांनी अख्ख्या गावाला बसतो. शिवाय आमच्यासारख्या गावात तीन वर्षांत जमिनी विकल्या जातात तरी किती? विकतो तो अडलेला, आणि अडलेल्याचा भाव पडेल असतो. त्याच पडेल भावानं मग न विकणाऱ्याचीही जमीन मोजली जाते. कार्यालयानं काढलेल्या यादीत बहुतेक खतं जिरायत रानाची होती. आम्ही शेजारच्या गावांच्या सूची क्रमांक २ च्या, म्हणजे नोंदलेल्या खतांच्या गोषवाऱ्याच्या, नकला काढल्या. त्यात बागायत रानाची चांगल्या भावाची खतं सापडली आणि ती दाव्याला जोडली. कायदा 'जवळच्या गावातली किंवा परिसरातली, तशाच प्रकारची जमीन' म्हणतो. शेजारचं गाव त्यातून वगळायचं काही कारण नव्हतं.

आता मोजणी.

जमीन घ्यायची असल्याचं जाहीर करणारी कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली, ग्रामसभेत वाचून दाखवली गेली, आणि त्यानंतर संयुक्त मोजणी लागली. गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, हे सरकारचं काम आहे, मोजतील नि जातील. कुणी बाजाराला गेलं, कुणी कापूस वेचायला. पण कायद्यात स्पष्ट आहे: मालक किंवा त्यानं लेखी नेमलेला माणूस हजर नसताना मोजणी, खुणा हे काही करायचं नाही. गैरहजेरीत करायचं तर किमान साठ दिवस आधी नोटीस देऊन त्याला हजर राहायची संधी दिलेली असली पाहिजे. कायद्यानं एवढी काळजी का घेतली, ते त्या दिवशी बांधावर उभं राहिल्यावर कळतं.

भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून मोजणी करणारं यंत्र, घेऊन आले, सोबत प्रकल्पाचे अभियंते, तलाठी, कृषी सहायक. माणसं वाईट नव्हती, पण घाईत होती. एका दिवसात अर्धं शिवार उरकायचं होतं. मोसंबीच्या ओळी मोजल्या, एका ओळीतली झाडं मोजली, गुणाकार केला आणि वयाच्या रकान्यात सरसकट पाच वर्षं लिहिलं. बाग दुपटीहून जुनी. मोसंबी पाच-सहा वर्षांची झाली की कुठे धरू लागते, आणि फळझाडाची किंमत त्याचं वय, उत्पन्न आणि पुढे किती वर्षं फळ देणार यावर निघते. त्या एका आकड्यानं भर बहरातली बाग नुकत्या धरणाऱ्या झाडांच्या भावात गेली असती. दादानं घरातून फळबाग अनुदानाची फाइल आणली. लागवडीचं वर्ष, कलमांची संख्या, सगळं त्यात सरकारी शिक्क्यानिशी होतं. कृषी सहायकांनी ती पाहिली आणि लगेच दुरुस्ती केली. वाद झाला नाही. फाइल नसती तर आम्ही तोंडानं कितीही सांगितलं असतं, तरी कागदावर पाचच राहिलं असतं.

विहिरीचं तेवढं सोपं नव्हतं. मी म्हटलं, नकाशात विहीर दाखवा आणि विहिरीपासून बागेपर्यंतची जमिनीखालची पाइपलाइनही. मापक म्हणाले, "ताई, विहीर संपादनात येतच नाही. जी जमीन जातीय तिचंच लिहायचं असतं."

इथेच मूळ अडचण होती. विहीर जात नव्हती, खालचं रानही सगळं जात नव्हतं. जाणार होता फक्त मधला पट्टा. पण त्या पट्ट्यातून पाइप जात होता, वाट जात होती, बैलगाडी जात होती. पट्टा गेला की विहिरीला रान नाही आणि रानाला विहीर नाही. मोजणीचा तक्ता फक्त पट्टा पाहतो. आमचं जगणं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना होतं.

मी तिथेच बांधावर अर्ज लिहिला. विहीर, पाइपलाइन, ठिबकचे नळ, पाणंद, हे सगळं शेरा म्हणून नोंदवा, संपादनात धरा असं माझं आता म्हणणं नाही. त्यावर अभियंत्यांनी पोच दिली आणि मापकांनी नकाशात ठिपक्यांची रेघ ओढली. फोटो काढले, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पंचनामा केला. आजपर्यंत आमचा दावा ज्या कागदावर उभा आहे, तो म्हणजे ही ठिपक्यांची रेघ. ज्यांच्या नकाशात ती नाही, त्यांचे वकील आज साक्षीदार शोधत फिरतायत.

सातबाऱ्याचंही तसंच. पीकपेऱ्याच्या रकान्यात आमच्याकडे कापूस आणि मोसंबी होती, सिंचनाचं साधन विहीर असं होतं, म्हणून रान बागायत धरलं गेलं. बांधाला बांध लागून असलेल्या एका घराचं विहीर-बागायत रान सातबाऱ्यावर जिरायत होतं. कुणी कधी नोंद लावलीच नव्हती. आता ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याला स्वतः मोबाइलवर पीक नोंदवता येतं, २०२१ पासून ते राज्यभर सुरू आहे. पण जाणाऱ्या जमिनीच्या मागच्या वर्षांच्या नोंदी आज कशा लावणार? खरं तर कलम ११ ची अधिसूचना निघाल्यावर दोन महिन्यांत जमिनीच्या नोंदी अद्ययावत करायची जबाबदारी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलीय. हे कलम मला फार मोलाचं वाटतं, आणि ते जवळपास कुणालाच माहीत नसतं. आम्ही गावातल्या लोकांना गोळा करून त्या कलमाखाली एकत्र अर्ज दिला. कितीतरी घरांचे वारस फेरफार त्यामुळे मार्गी लागले.

त्यातलं एक आमचंच. आजोबा गेले तेव्हा फक्त वडलांचं नाव लागलं होतं. आत्याचं लागलंच नाही. तिनं हक्कसोड कधी केली नव्हती, कुणी तिला विचारलंही नव्हतं. संपादनाची नोटीस नोंदीवरच्या नावांना येते, त्यामुळे तिला आली नाही. ती स्वतःहून घरी आली आणि आईसमोर बसून म्हणाली, "वहिनी, मी सही कुठंच केली नाही, मग माझा हिस्सा गेला कुठं?" दादा दोन दिवस गप्प होता. पैशाचा विचार त्याच्या मनात आला नसेल असं मी म्हणणार नाही. उरलेलं रान तोच कसणार, कर्ज त्याच्याच डोक्यावर. पण तिसऱ्या दिवशी तोच तलाठ्याकडे गेला आणि वारस नोंदीचा अर्ज देऊन आला. व्यवहाराच्या बाजूनंही तेच शहाणपणाचं होतं. हिश्शाचा वाद असला की मावेजा भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होतो आणि वाद मिटेपर्यंत कुणालाच मिळत नाही. गावात अशी दोन-तीन भावकीतली भांडणं आजही लोंबकळतायत. शेती असताना जी घरं एकत्र होती, ती रोख रक्कम दिसताच फुटली.

हरकतींची सुनावणी कलम १५ खाली होते, अधिसूचनेपासून साठ दिवसांत हरकत द्यावी लागते. आम्ही दोन गोष्टी मागितल्या: आखणी थोडी वर घ्या, आणि नाही जमलं तर पूल आणि पाइपसाठी जागा द्या. एरवी अशा प्रकल्पाचा लोकांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास आधी करायचा असतो, सामाजिक परिणामांचं मूल्यांकन म्हणतात त्याला. पण ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय मूल्यांकन लागतं, त्यांना या अभ्यासातून कायद्यानंच सूट दिलीय. दुबार पिकाची बागायत जमीन शक्यतो घेऊ नये, हा नियमही रेल्वे, महामार्ग, कालवे अशा लांबच लांब रेषेसारख्या कामांना लागू नाही. यामागचं कारण मला समजतं. कालवा उताराप्रमाणेच जाणार, रान पाहून वळणार नाही. पण ज्या प्रकारच्या कामात माणसांच्या रानाचे सर्वांत जास्त तुकडे पडतात, त्याच कामात हे दोन्ही बांध कायद्यानं काढून टाकलेत. मग उरते ती फक्त ही सुनावणी.

आखणी बदलली नाही. उंचीचं गणित अभियंत्यांनी नकाशावर समजावून सांगितलं आणि ते पटण्याजोगं होतं. पुलाचं मात्र झालं. मूळ आराखड्यात पूल होता तो गावापासून पार लांब. स्मशानाची वाट आणि पाणंद दोन्ही कालव्यानं तुटत होत्या. ही हरकत एकट्या शेतकऱ्याची नव्हती, तिला ग्रामसभेचा ठराव जोडला होता. एकेकट्याची हरकत 'मावेजा मिळेल' म्हणून निकाली निघते. वाट तुटली त्याचा मावेजा कुणाला देणार? ती कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसते. म्हणून गावानं गाव म्हणून बोलावं लागतं. पूल पाणंदीवर आला.

मधल्या काळात थेट खरेदीचा प्रस्ताव आला. १२ मे २०१५ च्या शासन निर्णयानुसार वाटाघाटीनं जमीन विकली तर मोबदल्यावर २५ टक्के जास्त मिळतात. समृद्धीचे पाचपट म्हणतात ते याच हिशोबानं. पैसे लवकर, कोर्ट नाही, कटकट नाही. ज्यांची अख्खी जमीन एका बाजूला होती किंवा ज्यांना मुलीचं लग्न, दवाखाना, कर्ज होतं, त्यांनी सह्या केल्या आणि माझ्या मते बरोबर केलं. आम्ही केली नाही. खरेदीखत झालं की निवाडा, म्हणजे मावेजा ठरवणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, निघत नाही, आणि निवाडा नाही म्हणजे पुढे दाद मागणं नाही. त्या खरेदीत मोजलं जाणार होतं फक्त पट्ट्याचं क्षेत्र आणि त्यावरची झाडं. विहीर आणि रान यांच्यात जो कालवा उभा राहणार होता, त्याला तिथं रकानाच नव्हता.

कायद्यात मात्र आहे. कलम २८. मावेजा ठरवताना जमिनीच्या भावाशिवाय काय काय पाहायचं, त्याची यादी तिथे दिलीय: उभं पीक आणि झाडं, जमीन उरलेल्या जमिनीपासून तोडल्यानं होणारं नुकसान, इतर मालमत्तेला किंवा कमाईला बसणारी झळ, राहती जागा बदलावी लागली तर तो खर्च. शेवटी 'समन्याय, न्याय आणि बाधित कुटुंबांचं हित' या दृष्टीनं योग्य वाटेल ते. आमच्या वकिलांनी दावा तयार करताना सर्वोच्च न्यायालयाचा १६ मे २०२४ चा एक निकालही समोर ठेवला, कोलकाता महापालिकेच्या प्रकरणातला. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून गेला, पण अनुच्छेद ३००अ मध्ये तो घटनात्मक हक्क म्हणून राहिला. न्यायालय म्हणालं की पैसे दिले म्हणजे हा हक्क पाळला असं होत नाही. आधी कळवलं पाहिजे, म्हणणं ऐकलं पाहिजे, कारणांसह निर्णय दिला पाहिजे, प्रयोजन खरंच सार्वजनिक असलं पाहिजे, भरपाई उचित हवी, सगळं वेळेत आणि कार्यक्षमतेनं व्हायला हवं, आणि प्रक्रिया शेवटाला गेली पाहिजे. हे वाचताना मला आजोबा आठवले. यातलं एकही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

दावे मागवणाऱ्या कलम २१ च्या नोटिशीवर आम्ही सविस्तर दावा दिला. निवाडा आला. बागेची किंमत दुरुस्त वयानुसार धरलेली, दर आम्ही मागितला त्याहून कमी पण आधीच्या आकड्याहून बरा. आणि तुटलेल्या रानाबद्दल एक ओळ: 'संपादित क्षेत्राव्यतिरिक्त मागणी ग्राह्य धरता येत नाही.' कारण काही दिलं नव्हतं.

इथं एक अगदी महत्त्वाची गोष्ट आहे. पैसे घेताना पावतीवर 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत राखून स्वीकारले, असं स्वतःच्या हातानं लिहा. ते न लिहिता रक्कम घेतली तर कलम ६४ खाली दाद मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाला सहाच आठवडे मिळतात. काहीजण आनंदात सही करून आले आणि नंतर अर्जाची चौकशी करू लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य पावतीवरच छापायला काय हरकत आहे, हे मी त्या कार्यालयातही विचारलं.

खात्यात रक्कम आली तेव्हा दादा बदली जमीन शोधायला निघाला. तिथं जे दिसलं ते मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं अन्याय्य वाटतं. मावेजाचा दर कलम ११ च्या अधिसूचनेच्या तारखेचा. त्या तारखेनंतर कालव्याच्या नुसत्या बातमीनं खालच्या अंगाच्या जमिनींचे भाव चढत गेले. ज्या कालव्यासाठी आम्ही रान दिलं, त्याच कालव्यामुळे आता आम्हाला रान परवडत नाही. सिंचन प्रकल्पात जमीन गेलेल्यांना शक्यतो लाभक्षेत्रात किमान एक एकर द्यावी, असं कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. 'शक्यतो' या शब्दात ती एकर अडकून पडलीय. माझं स्पष्ट मत आहे: ज्याची जमीन कालव्यात जाते, त्याला पाण्यानं वाढलेल्या किमतीतही वाटा मिळायला हवा. लाभ खालच्यांचा आणि झळ वरच्यांची, ही वाटणी कुणालाच शोभत नाही.

आणि बटईदार मामा. मी परकर घालत होते तेव्हापासून ते आणि मामी आमचं खालचं रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतायत. बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नाही. आधीची तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांचं पोट मुख्यतः अवलंबून होतं ते बटईदार, शेतमजूर हेसुद्धा २०१३ च्या कायद्यात बाधितच धरलेत. जुन्या कायद्यात हे नव्हतं. त्यांच्यासाठी एकरकमी ५ लाख किंवा दरमहा २ हजारांप्रमाणे वीस वर्षं, असे पर्याय अनुसूचीत लिहिलेत. पण बटईचा कागद कोण करतो? कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीनं मराठवाड्यात कुठलाही मालक बटई लिहून देत नाही. हैदराबाद कूळ कायद्याची ती भीती १९५० पासूनची आहे. म्हणजे ज्या माणसानं सगळ्यात जास्त घाम गाळला, तो सरकारच्या लेखी रानात नव्हताच.

मी प्रतिज्ञापत्र करून द्यायचं म्हटलं तेव्हा भावकीतली मोठी माणसं रागावली. उरलेल्या रानावर उद्या कूळ म्हणून दावा केला तर? आईनं तो विषय संपवला. ती म्हणाली, "तीस वर्षं पोती मोजून देणारा माणूस आता खोटा होईल व्हय?" वकिलांच्या सल्ल्यानं आम्ही शब्द जपून प्रतिज्ञापत्र केलं, ग्रामसभेनं ठराव दिला, सोसायटीच्या खतविक्रीच्या पावत्या मामांच्या नावानं निघाल्या त्या जोडल्या. मामांचं नाव बाधितांच्या यादीत चढलं. रक्कम अजून मिळालेली नाही. प्रस्ताव वर गेलाय असं सांगतात. मालकांचे पैसे आले, मजुरांचे थांबले, आणि यंत्रं मात्र कामाला लागली. पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही, पुनर्वसनाची रक्कमही ठरल्या मुदतीत द्यायची, असं कलम ३८ सांगतं. पण ताबा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मालकच येतो.

आमचा कलम ६४ चा अर्ज प्राधिकरणाकडे गेलाय. असे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे, ती मुदत कधीच उलटली. दोन मागण्या आहेत. एक, कलम २८ प्रमाणे तुटलेल्या रानाचं नुकसान आणि कालव्याखालून पाइप नेण्याचा खर्च. दुसरी जरा कठीण आहे. घराचा, कारखान्याचा किंवा इमारतीचा एक भाग संपादनात गेला तर 'घ्यायचं तर सगळं घ्या' असं म्हणायचा हक्क मालकाला कलम ९४ देतं. शेताबद्दल त्यात अवाक्षर नाही. कालव्यापलीकडे कोपऱ्यात आमची एक त्रिकोणी चिंधी उरलीय. तिथं औत वळत नाही, पाणी पोचत नाही, पण सातबारा आहे आणि शेतसाराही आहे. ती घेण्याची सक्ती कायदा करत नसला, तरी कलम २८ मधल्या 'समन्याया'त ती बसते असं आमच्या वकिलांचं म्हणणं आहे. पुढच्या तारखेला त्यावरच युक्तिवाद आहे. निकाल आमच्या बाजूनं लागला तर कलम ७३ प्रमाणे त्याच अधिसूचनेतल्या इतर शेतकऱ्यांनाही तीन महिन्यांत वाढीव मावेजासाठी अर्ज करता येतो. म्हणून नकाशाच्या आणि पोचेच्या नकला आतापासून जपून ठेवा, असं मी गावात घरोघर सांगून आलेय.